समुद्र न पाहिलेल्या वर्गाला सागरी प्रवाह आणि समुद्राचे तापमान कसे शिकवावे

सागरी प्रवाहांचा पाठ संपला की वर्गाला दोन प्रश्न विचारून पाहा. पहिला: लॅब्राडोर प्रवाह थंड की उष्ण? सगळे हात वर जातात. दुसरा: थंड म्हणजे कशापेक्षा थंड? इथे वर्ग गप्प होतो. लाट आणि प्रवाह यांत फरक काय, हे विचारले तर बऱ्याच मुलांना दोन्ही एकच वाटतात. आपल्या विदर्भातल्या गावांतल्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो, हे खरे आहे. पण अडचण तिथे नाही, अडचण शिकवण्याच्या क्रमात आहे. आपण भिंतीवर जगाचा नकाशा टांगतो, लाल-निळे बाण दाखवतो आणि नावे पाठ करून घेतो. पाणी मुळात का हलते, हे मुलांनी कधी पाहिलेलेच नसते.

खालचा क्रम याच्या उलट आहे. आधी पाणी, मग वारा, मग पृथ्वीचे फिरणे आणि त्यानंतर नकाशा. नावे सगळ्यात शेवटी. आठवीचा ‘सागरी प्रवाह’ आणि नववीचा ‘सागरजलाचे गुणधर्म’ या दोन्ही पाठांना तो चालतो. सगळे टप्पे करायला सात ते आठ तासिका लागतात. तीनच तासिका हाताशी असतील तर टप्पा ३, ४ आणि ६ करा, बाकीचे सोडा. पण या तिघांचा क्रम बदलू नका.

## पूर्वतयारी

हा पाठ फसतो तो बहुधा तयारीत. आदल्या दिवशी एवढे जमवून ठेवा:

- दोन पारदर्शक, सपाट बाजूंचे डबे किंवा माशांची काचेची टाकी. आठवडी बाजारात मिळणारा पाच लिटरचा पारदर्शक प्लास्टिक डबा पुरतो. वीस लिटरच्या पाण्याच्या जारचे प्लास्टिक निळसर असते, त्यात रंग ओळखू येत नाहीत.
- प्रयोगशाळेतली दोन थर्मामीटर. ताप मोजायचे थर्मामीटर इथे कामाचे नाही. ते साधारण ३५ ते ४२ अंशांतच वाचते, आणि गरम पाण्यात बुडवले तर फुटते.
- सारख्याच मापाच्या तोंडाच्या दोन काचेच्या बाटल्या आणि जुनी लग्नपत्रिका किंवा तिच्यासारखा जाड, गुळगुळीत कागद.
- साधे मीठ. खडे मीठ वापरायचे असेल तर विरघळवून फडक्यातून गाळून घ्या.
- लाल आणि निळा खाण्याचा रंग किंवा शाई. कुंकू, हळद, गुलाल नको. ते विरघळत नाहीत, तरंगतात किंवा तळाशी बसतात, आणि मुले चुकीचा निष्कर्ष काढतात.
- निळा रंग घालून गोठवलेले बर्फाचे खडे. गावात कोल्ड्रिंकच्या दुकानात फ्रीजर असतो, आदल्या संध्याकाळी तिथे ठेवून द्या. सकाळी थर्मासमध्ये आणा. थर्मास नसेल तर लाकडाच्या भुशात दाबून, वर पोत्याचा तुकडा गुंडाळून आणा.
- कागदी कप, स्ट्रॉ, पुठ्ठा, टाचणी, पट्टी, पोळ्याचे बैल करतो ती चिकणमाती, आणि एक मोठी परात.

पाण्याबाबत सावधान. अकोला, बुलढाणा आणि अमरावती जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे किंवा बोअरचे पाणी ‘गोडे पाणी’ म्हणून वापरू नका. त्यात आधीच क्षार असतात, त्यामुळे पुढचे प्रयोग अर्धवट दिसतात. तिथे गोड्या पाण्यासाठी फिल्टरचे पाणी घ्या. याच भागातले एखादे पोर हमखास विचारते, “सर, आमच्या हिरीचंबी पानी खारंच हाय, मंग थेबी समुद्राचंच का?” हा प्रश्न टाळू नका. समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. विहिरीत त्या मानाने बरेच कमी असतात, आणि ते क्षारही वेगळ्या प्रमाणात असतात. ३५ ग्रॅम मीठ तराजूवर मोजून मुलांच्या हातावर ठेवा. आकडा लक्षात राहतो.

तपासा: प्रत्येक प्रयोग वर्गाआधी एकदा स्वतः करून पाहिला का? बर्फ किती वेळ टिकतो, हे तुमच्या खोलीच्या तापमानावर अवलंबून आहे.

## टप्पा १ : लाट, भरती आणि प्रवाह वेगळे करा

यावर अर्धी तासिका पुरे. शाळेच्या हौदात एक वाळलेले पान टाका. पाणी स्थिर झाल्यावर एका कडेला हाताने लाटा उठवा. पान वर-खाली होते, पण जवळपास जागच्या जागी राहते. लाटेबरोबर पाणी फारसे प्रवास करत नाही. भरती-ओहोटीत पाण्याची पातळी चंद्र आणि सूर्याच्या ओढीने चढते-उतरते. प्रवाहात मात्र पाणी स्वतः एका जागेहून दुसऱ्या जागी जाते, हजारो किलोमीटर.

‘समुद्रातली नदी’ हे शब्द वापरायचे तर जपून वापरा. नदी उतारावरून वाहते, तिला काठ असतात. मुले लगेच समुद्राच्या तळाला उतार शोधू लागतात.

## टप्पा २ : जमीन आणि पाणी, कोण लवकर तापते?

सारख्या आकाराच्या दोन पसरट भांड्यांपैकी एकात वावरातली कोरडी काळी माती भरा, दुसऱ्यात तेवढ्याच खोलीचे पाणी. दोन्ही सावलीत ठेवून सुरुवातीचे तापमान घ्या. मग एक तास उन्हात ठेवा आणि दर दहा मिनिटांनी तापमान लिहा. त्यानंतर सावलीत आणून आणखी अर्धा तास वाचन घ्या.

दोन चुका वारंवार होतात. माती ओली असते. ओल्या मातीतले पाणी वाफ होताना उष्णता घेते, मग माती आणि पाण्याचे आकडे जवळजवळ येतात. दुसरी चूक म्हणजे थर्मामीटरचा फुगा मातीवर उघडा ठेवणे. तो बोटाच्या एका पेराइतका आत खोचा. पाणी मात्र प्रत्येक वाचनाआधी हलकेच ढवळा, कारण समुद्रातही वरचे पाणी सतत घुसळले जात असते.

आकडे फळ्यावर आले की मे महिन्यातल्या बातम्यांची आठवण करून द्या. चंद्रपूर ४५-४६ अंशांवर असताना मुंबई ३३-३४ वर का असते? उत्तर मुलांनी त्याच दोन भांड्यांतून काढायचे. तुम्ही सांगू नका.

## टप्पा ३ : गरम-थंड आणि खारे-गोडे पाणी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. तीन प्रयोग आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रत्येक प्रयोगाआधी ‘काय होईल?’ हे मुलांनी वहीत लिहायचे, मगच प्रयोग करायचा. अंदाज न लिहिता पाहिलेला प्रयोग मुले तमाशा म्हणून पाहतात.

प्रयोग अ : थंड पाणी कुठे जाते?

1. डब्यात साधे पाणी भरा, मागे पांढरा कागद लावा. पंखा बंद करा. पाणी पंधरा-वीस मिनिटे हलू देऊ नका.
2. कागदी कपाच्या तळाजवळ टाचणीने सहा-सात भोके पाडा. कप डब्याच्या एका कोपऱ्यात, तळ पाण्यात बुडेल असा चिकटपट्टीने लावा. तो तरंगू नये म्हणून आत एक खडा टाका.
3. कपात बर्फ आणि थोडा निळा रंग घाला.
4. गप्प बसा आणि बघा.

निळे पाणी धाग्यांसारखे खाली उतरते आणि तळावरून दुसऱ्या टोकाकडे सरकते. आता दुसऱ्या टोकाला पृष्ठभागावर लाल रंगाचे दोन थेंब सोडा. लाल रंग हळूहळू वरून बर्फाच्या कोपऱ्याकडे येऊ लागतो. खाली गेलेल्या पाण्याची जागा कोणीतरी भरायला हवी, हे मुलांना इथे डोळ्यांनी दिसते.

रंग उंचावरून ओतला की सगळे पाणी ढवळून निघते. सुई काढलेली सिरिंज किंवा ड्रॉपर पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवूनच थेंब सोडा.

प्रयोग आ : दोन बाटल्या

एका बाटलीत लिटरला ३५ ग्रॅम मीठ घातलेले निळे पाणी, दुसरीत गोडे लाल पाणी, दोन्ही काठोकाठ भरा. लाल बाटलीच्या तोंडावर कागद दाबून धरा, ती उलटी करून निळ्या बाटलीवर ठेवा. तोंडाला तोंड नीट बसले की कागद अलगद ओढून घ्या. लाल वर, निळे खाली, असे दोन थर तसेच राहतात. दुसऱ्या खेपेला खारे वर आणि गोडे खाली ठेवा. कागद निघताक्षणी दोन्ही मिसळून जांभळे होतात. हाच प्रयोग गरम आणि गार पाण्यानेही करा. गरम पाणी ५० अंशांच्या आसपास पुरे. उकळते पाणी मुलांच्या हाती देऊ नका.

शिक्षकाला माहीत हवे असे एक आहे. ३५ ग्रॅम मिठाने पाण्याची घनता सुमारे अडीच टक्क्यांनी वाढते. ५ अंशांचे आणि ५० अंशांचे पाणी यांच्या घनतेतला फरक मात्र एक टक्क्याच्या थोडासाच वर असतो. त्यामुळे बाटलीत मिठाचा परिणाम जास्त ठळक दिसतो, आणि मुले म्हणतात की समुद्रातही मीठच जास्त महत्त्वाचे. इथे थांबवा. खुल्या समुद्रात बहुतेक ठिकाणी क्षारता, म्हणजे एक किलो पाण्यातले क्षार, ३३ ते ३७ ग्रॅम याच पट्ट्यात असते. तापमान मात्र उणे २ पासून ३० अंशांपर्यंत बदलते. म्हणून बऱ्याच ठिकाणी तापमानाचे वजन जास्त पडते. जिथे मोठ्या नद्या मिळतात किंवा बर्फ वितळतो, तिथे क्षारता भारी ठरते.

प्रयोग इ : रंगीत बर्फ

एका ग्लासात गोडे पाणी, दुसऱ्यात खारे, दोन्हींचे तापमान सारखे. दोन्हीत एकाच आकाराचा निळा बर्फाचा खडा एकाच वेळी सोडा. आधी विचारा, कुठला लवकर वितळेल? बहुतेक मुले खाऱ्या पाण्याचे नाव घेतात, कारण कुल्फीवाला बर्फात मीठ घालतो हे त्यांनी पाहिलेले असते. होते उलट. गोड्या पाण्यात वितळलेले गार पाणी खाली उतरते आणि बर्फाभोवती नवे कोमट पाणी येत राहते. खाऱ्या पाण्यात वितळलेले पाणी गार असूनही गोडे, म्हणून हलके. ते वरच निळा थर करून बसते आणि बर्फ त्याच गार थरात अडकतो.

दोन्ही ग्लास न हलवता तासिका संपेपर्यंत ठेवा. शक्य असेल तर फोटो काढून ठेवा. टप्पा ८ मध्ये याच निळ्या थराची गरज पडणार आहे.

तपासा: “पाणी खाली का गेले?” याचे उत्तर ‘थंड होते म्हणून’ इतकेच येत असेल तर पुढे जाऊ नका. ‘थंड होते म्हणून जड झाले, आणि जड म्हणून खाली गेले’ एवढे यायला हवे. प्रयोगातले कुठलेही पाणी कोणी चाखायचे नाही, हेही बजावा.

## टप्पा ४ : वारा पाण्याला ओढतो

आपल्याकडे सगळ्यात मोठा गैरसमज इथे होतो. तापमान, क्षारता, वारा, पृथ्वीचे परिवलन ही प्रवाहांची कारणे एका ओळीत पाठ केली जातात, जणू सगळी सारखीच. तसे नाही. नकाशावरचे जे बाण मुले रंगवतात ते पृष्ठभागावरचे प्रवाह आहेत, आणि त्यांना मुख्यतः वारा चालवतो. घनतेमुळे होणारी हालचाल, म्हणजे टप्पा ३ मध्ये तळावरून सरकलेले निळे पाणी, खोल समुद्रात असते. ती इतकी संथ असते की तिची एक फेरी पुरी व्हायला साधारण हजार वर्षे लागतात. हे दोन वेगळे कप्पे आहेत, असे फळ्यावर दोन रकाने करून लिहा.

परातीत तीन बोटे पाणी घ्या. चिकणमातीने दोन बाजूंना किनारे करा. मध्ये शाईचा एक थेंब अलगद सोडा. स्ट्रॉने पाण्याच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, एका दिशेने, सावकाश फुंका. पाणी किनाऱ्याला धडकते, दोन्हीकडे फुटते आणि कडेने वळून परत येते. दोन चक्रे तयार होतात. आता एका बाजूचा किनारा थोडा सरकवा आणि चक्र कसे बदलते ते पाहा.

सावधान: थर्माकोलचे दाणे वापरू नका. ते पाण्याबाहेर उभे असतात, त्यामुळे वारा त्यांना सरळ ढकलतो. मुलांना वाटते पाणी धावले, प्रत्यक्षात दाणाच पळालेला असतो. शाई किंवा पूर्ण भिजलेला लाकडाचा बारीक भुसा चांगला.

मग उलट्या बाजूने फुंका. प्रवाह उलटतो. सोमालियाच्या किनाऱ्यावर दरवर्षी हेच घडते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात तिथला प्रवाह उत्तर-पूर्वेकडे जोरात वाहतो, हिवाळ्यात वारे फिरले की तो दक्षिणेकडे वळतो. आपल्याकडे जूनमध्ये पाऊस आणणारे वारेच तिकडे समुद्राचा प्रवाह उलटवतात, हे ऐकून वर्ग सावरून बसतो.

## टप्पा ५ : पृथ्वी फिरते म्हणून प्रवाह वळतो

पुठ्ठ्याची गोल चकती मधोमध टाचणीने पाटावर खोचा. एक मुलगी पट्टी स्थिर धरेल, दुसरी पट्टीच्या कडेने केंद्रापासून बाहेर सरळ रेघ ओढेल, तिसरी चकती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने हळू फिरवेल. पेन सरळ गेला, पण चकतीवरची रेघ उजवीकडे वळलेली दिसते. हा उत्तर गोलार्ध. चकती काट्यांच्या दिशेने फिरवली की रेघ डावीकडे वळते. तो दक्षिण गोलार्ध.

इथे एकच चूक होते, पण ती सगळ्यांची होते. उजवीकडे म्हणजे पाहणाऱ्याच्या उजवीकडे नव्हे, तर पेन ज्या दिशेने चालला आहे त्या दिशेला तोंड केल्यावरच्या उजवीकडे. चकती फिरवून रेघेची सुरुवात मुलाच्या पोटाकडे आणा, मग विचारा.

मोरीतले पाणी उत्तर गोलार्धात एका दिशेने आणि दक्षिण गोलार्धात दुसऱ्या दिशेने फिरते, असे व्हिडिओ मुलांनी पाहिलेले असतात. ते खोटे आहेत. मोरीसारख्या लहान जागेत पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम नगण्य असतो. पाण्याची दिशा मोरीच्या आकारावर आणि पाणी कसे ओतले यावर ठरते.

## टप्पा ६ : आता नकाशा

कोरा नकाशा द्या आणि हा क्रम पाळा:

1. पेन्सिलीने विषुववृत्त आणि दोन्ही अयनवृत्ते.
2. व्यापारी वारे आणि पश्चिमी वारे यांचे बाण. प्रवाह अजून नाहीत.
3. वाऱ्याच्या बाणांवरून पाणी कुठे जाईल, खंडाला धडकून कुठे वळेल, हे मुलांनी पेन्सिलीने काढायचे. उत्तर गोलार्धात काट्यांच्या दिशेने आणि दक्षिण गोलार्धात उलट अशी चक्रे आपोआप उमटतात.
4. विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे जाणारा भाग लाल, ध्रुवाकडून विषुववृत्ताकडे येणारा निळा.
5. नावे. आठ पुरेत: गल्फ स्ट्रीम, लॅब्राडोर, कॅनरी, बेंग्वेला, कुरोशिओ, ओयाशिओ, पेरू आणि सोमाली.

दोन ठिकाणी वर्ग घसरतो. पहिले, ‘महासागराचा पश्चिम भाग’ आणि ‘खंडाचा पूर्व किनारा’ ही एकच जागा आहे. गल्फ स्ट्रीम अटलांटिकच्या पश्चिमेला आहे आणि अमेरिकेच्या पूर्वेला. प्रत्येक मुलाने बोट ठेवून हे दोन्ही म्हणायचे.

दुसरे, ‘उष्ण’ आणि ‘थंड’ हे शेजारच्या पाण्याच्या तुलनेत असते. पेरूचा प्रवाह थंड म्हणतात, तरी तिथले पाणी गोठलेले नसते, लिमाजवळ ते अनेकदा १६ ते २० अंशांत असते. त्याच अक्षांशावरच्या इतर समुद्रांपेक्षा ते खूप गार असते, एवढाच अर्थ. नकाशात लिमा आणि ब्राझीलमधले साल्व्हाडोर शोधायला लावा. दोन्ही १२-१३ अंश दक्षिणेला, पण लिमाची हवा कितीतरी गार आणि कोरडी आहे. आयर्लंडमधले डब्लिन आणि कॅनडातल्या लॅब्राडोरचा किनाराही असाच जोडीने शोधा. एका बाजूला हिवाळ्यात बंदर खुले, दुसऱ्या बाजूला समुद्रावर बर्फ.

तपासा, गणिताने: जानेवारी १९९२ मध्ये उत्तर पॅसिफिकमध्ये एका जहाजावरून कंटेनर पडले आणि सुमारे २९ हजार प्लास्टिकची खेळणी पाण्यात गेली: बदके, कासवे, बेडूक, बीव्हर. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पहिली काही खेळणी अलास्कात सिटकाजवळ सापडली, पडल्या जागेपासून सुमारे ३ हजार किलोमीटरवर. दिवसाला किती अंतर झाले? उत्तर साधारण १० किलोमीटर येते. मग सांगा की गल्फ स्ट्रीम जिथे सगळ्यात वेगवान आहे, तिथे ताशी सुमारे ९ किलोमीटरपर्यंत जातो. माणूस ताशी चार-पाच किलोमीटर चालतो. सगळे प्रवाह एका वेगाने धावत नाहीत, हे यातून निघते.

## टप्पा ७ : समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान वाचणे

हैदराबादची इनकॉईस ही संस्था समुद्राच्या पृष्ठभागाच्या तापमानाचे नकाशे प्रसिद्ध करते. मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे, हे मच्छीमारांना कळवताना ती उपग्रहाने टिपलेले हेच तापमान वापरते. ‘अर्थ नलस्कूल’ या संकेतस्थळावर प्रवाह आणि तापमान दोन्ही हलत्या चित्रात दिसतात. गावात नेटवर्कचा भरवसा नसतो, म्हणून स्क्रीनशॉट आधीच घेऊन ठेवा.

सावधान: रंगीत नकाशाची काळी-पांढरी झेरॉक्स वाटू नका. लाल आणि निळा दोन्ही करडे होतात, मग सगळ्यात गरम आणि सगळ्यात गार समुद्र एकच दिसतो. त्याऐवजी चौकटींत फक्त आकडे लिहिलेला कागद वाटा आणि रंग मुलांना भरू द्या. २८ च्या वर लाल, २६ ते २८ नारिंगी, असे काही. मग समताप रेषा, म्हणजे सारख्या तापमानाची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, काढायला लावा. दोन वेगळ्या तापमानांच्या रेषा एकमेकींना छेदत असतील तर कुठेतरी चूक आहे. २७ आणि २९ यांच्या मधून २८ ची रेषा जाते, आकड्यावरूनच जायला हवी असे नाही.

नकाशा हातात आला की चार गोष्टी आधी वाचायच्या: तारीख, एकक, रंगपट्टी आणि हे प्रत्यक्ष तापमान आहे की सरासरीपासूनचा फरक. शेवटची चूक फार महाग पडते. फरकाच्या नकाशात ध्रुवाजवळ लाल ठिपका असला तर तिथे समुद्र उकाड्याचा नाही. नेहमी २ अंश असतो, आता ४ आहे, एवढेच.

उपग्रह अवरक्त किरणांतून तापमान टिपतो ते पाण्याच्या अगदी वरच्या, केसाहून पातळ थराचे. ढग आले की त्याला दिसत नाही, म्हणून पावसाळ्यात काही नकाशांत रिकाम्या जागा असतात. खालच्या पाण्याचे काय? आर्गो नावाचे तरंगक साधारण दर दहा दिवसांनी २ हजार मीटर खोल जातात आणि वर येताना तापमान व क्षारता मोजतात. जगभरच्या समुद्रांत असे सुमारे ४ हजार तरंगक आहेत.

शाळेच्या हौदातही हे करता येते. बाटलीला दगड बांधा, तोंडाला बूच लावून बुचाला वेगळी दोरी बांधा. तळापर्यंत सोडून बूच ओढा, बाटली भरली की वर काढून लगेच तापमान घ्या. दुपारी वरचे आणि तळाचे पाणी यांत फरक दिसतो, सकाळी तो जवळजवळ नसतो. भंडारा-गोंदियाकडे गावोगावी तलाव आहेत, पण मुलांना त्यांच्या काठावर नेऊन हा प्रयोग करू नका. हौद पुरेसा आहे.

## टप्पा ८ : आपल्या पावसाशी जोडा

विदर्भाचे पाणी दोन्ही समुद्रांना जाते. पूर्णा तापीला मिळून अरबी समुद्रात. वर्धा, वैनगंगा आणि पैनगंगा प्राणहितेतून गोदावरीत आणि तिथून बंगालच्या उपसागरात. आपल्या गावाचा नाला कुठल्या समुद्रात जातो, हे मुलांनी नकाशावर बोटाने शोधावे.

आता निळ्या थराचा ग्लास पुन्हा काढा, निदान फोटो तरी. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी आणि वरून पडणारा पाऊस, इतके गोडे पाणी बंगालच्या उपसागरात येते. त्यामुळे वरचा थर हलका राहतो आणि खालच्या गार पाण्यात सहजी मिसळत नाही. म्हणून पावसाळ्यातही तिथला पृष्ठभाग बहुधा २८ अंशांच्या वर राहतो. अरबी समुद्रात मात्र जोराचे वारे पाणी घुसळतात, खालचे गार पाणी वर आणतात, आणि तो जूननंतर गार होतो. उत्तर बंगालच्या उपसागरात तयार झालेले कमी दाबाचे पट्टे ओडिशा, छत्तीसगडवरून विदर्भाकडे येतात. आपल्या जुलै-ऑगस्टच्या चांगल्या पावसात त्यांचा मोठा वाटा असतो. समुद्र गरम असला की कमी दाब होतोच असे नाही. वाऱ्यांची साथही लागते.

एल निनोचा प्रश्न मुले विचारणारच, कारण घरी त्याची चर्चा असते. मध्य आणि पूर्व विषुववृत्तीय पॅसिफिकचा पृष्ठभाग काही महिने सरासरीपेक्षा किमान अर्ध्या अंशाने गरम राहिला की एल निनो म्हणतात. मग फळ्यावर देशभरातल्या मोसमी पावसाचे हे आकडे लिहा. सगळी वर्षे एल निनोची:

- १९९७ : सरासरीपेक्षा सुमारे २ टक्के जास्त
- २००२ : सुमारे १९ टक्के कमी
- २००९ : सुमारे २२ टक्के कमी
- २०१५ : सुमारे १४ टक्के कमी
- २०२३ : सुमारे ६ टक्के कमी

“एल निनो आला म्हणजे दुष्काळ” हे वाक्य या यादीशी ताडून पाहायला सांगा. १९९७ चा एल निनो मोठा होता, तरी पाऊस पडला. त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग नेहमीपेक्षा गरम आणि पूर्व भाग गार होता, त्याने हातभार लावला असे मानले जाते. हे आकडे देशाचे आहेत, तुमच्या तालुक्याचे नाहीत, हेही ठळक लिहा. ज्यांच्या घरी कपाशी आणि तूर आहे त्या मुलांनी घाबरून घरी अर्धीच गोष्ट सांगू नये.

## टप्पा ९ : पाठ समजला का?

‘पाच थंड प्रवाहांची नावे लिहा’ हा प्रश्न विचारू नका. एक काल्पनिक महासागर काढून द्या: दोन बाजूंना खंड, मध्ये विषुववृत्त, वाऱ्यांचे बाण. प्रवाह काढा, लाल-निळे रंगवा, आणि कुठल्या किनाऱ्यावर वाळवंट असण्याची शक्यता जास्त ते कारणासह लिहा, असे विचारा. अटाकामा आणि नामिब ही दोन्ही वाळवंटे थंड प्रवाहांच्या शेजारी आहेत, हे नकाशात पाहिलेल्या मुलाला उत्तर सुचते.

गुण देताना बाणाची दिशा आणि कारण यांना वेगवेगळे गुण ठेवा. बाण चुकला पण “वारा इकडून येतो म्हणून” असे कारण लिहिले असेल, तर त्या मुलाला टप्पा ४ समजला आहे आणि टप्पा ५ राहिला आहे. त्याच्यासाठी चकती पुन्हा काढा. बाण बरोबर आणि कारण कोरे असेल, तर ते पाठांतर आहे. त्या मुलाला परातीपाशी बसवून शाईचा थेंब त्याच्या हाताने सोडायला द्या.